बाबांच्या तळव्याची जखम चार महिने भरत नाही, कोणतं मलम लागू पडलं ते सांगा

पोरसातली (9 जुलै, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. आम्ही फोंडा तालुक्यातले. बाबा 64 वर्षांचे, डायबिटीस सोळा वर्षं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चवड्यावर एक जाड घट्टा होता. शिगम्याच्या सुमाराला त्यांनी तो दाढीच्या ब्लेडने स्वतःच तासला आणि तिथे जखम झाली. आज चार महिने झाले. रुपयाच्या नाण्याएवढी गोल, कडेला पांढरी जाड कातडी, मधे लालसर. पू नाही, वास नाही.

तीन मलमं झाली, गोळ्यांचे दोन कोर्स झाले. एक दिवसाआड जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग. एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) 9.1 होतं ते 7.6 वर आणलंय, पथ्यही पाळतात. दोन आठवडे बरी दिसते, पुन्हा तशीच.

खरी अडचण म्हणजे बाबांना दुखतच नाही. त्यामुळे ते रोज कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत जातात. ओरडलं की म्हणतात, "दुखना जाल्यार दाखोवपाचें कित्याक?" (दुखत नाही तर दाखवायचं कशाला?) यावर काय बोलणार?

चवथीला दोन महिने राहिले. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, म्हणजे रानातली फळं-फुलं, आणायला ते स्वतः रानात जातात, आजवर एक वर्ष चुकलेलं नाही. त्याआधी जखम भरावी एवढीच इच्छा. कोणाच्या घरी अशी जखम बरी झाली असेल तर कोणतं मलम किंवा ड्रेसिंग वापरलं ते कृपया सांगा. मधाच्या ड्रेसिंगबद्दलही ऐकलंय.

रानवारा (9 जुलै, रात्री 11:15)

माझ्या आईला नळगुडीवर जखम झाली होती, तिलाही शुगर आहे. दगडीपाल्याचा रस आणि वर हळद-तूप. महिन्याभरात खपली पडून कातडी आली. करून बघा, नुकसान काही नाही.

मांडवीपार (10 जुलै, सकाळी 7:05)

मधाचं ड्रेसिंग आमच्या शेजाऱ्यांनी केलं, गुण आला. पण बाजारातला मध नव्हे, निर्जंतुक केलेला मिळतो तो. किंमत जास्त आहे.

सिस्टरबाय (10 जुलै, सकाळी 9:30)

पोरसातली, मी 31 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी सर्जरीत. तुझी पोस्ट वाचली आणि त्यात एक गोष्ट सापडली नाही. बाबा चालताना ती जखम जमिनीला टेकते की नाही?

टेकत असणारच, चवड्यावर आहे म्हणजे. आता असा विचार कर. तुम्ही एक दिवसाआड कापूस, मलम, पट्टी करून आणता. मग सत्तर किलोचा माणूस त्याच जागेवर दिवसातून चार-पाच हजार वेळा उभा राहतो. नवी कातडी पातळ असते, प्रत्येक पावलाला ती चिरडते. तुझ्यामाझ्या पायाला असं झालं तर आपण लंगडतो. ते लंगडणंच आपलं औषध असतं. बाबांना दुखत नाही म्हणून ते लंगडत नाहीत, आणि लंगडत नाहीत म्हणून जखम भरत नाही.

कडेची पांढरी जाड कातडी लिहिली आहेस ना, तीच खूण. घट्टा म्हणजे दाब. जखमेभोवती घट्टा पुन्हा पुन्हा येतोय, म्हणजे दाब चालूच आहे.

रानवाराताईंच्या आईची जखम नळगुडीवर होती. नळगुडीवर कोणी उभं राहत नाही. म्हणून तिथे पाला लावला काय आणि न लावला काय, भरायला वाव होता. पण उघड्या जखमेत पाला वाटून घालू नये. मातीतले जंतू जखमेत गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

रानवारा (10 जुलै, सकाळी 10:10)

सिस्टरबाय, आईची जखम बरी झाली हे खोटं नाही. पण जागेचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो पटला. नुकसान काही नाही हे वाक्य मी परत घेते.

जांभादगड (10 जुलै, दुपारी 2:50)

मी फिजिशियन आहे, गावातच दवाखाना चालवतो. ऑनलाइन कोणाला औषध सांगत नाही आणि फोटो बघूनही सांगणार नाही. पण अशा जखमेकडे कसं बघतात ते लिहितो, म्हणजे तुम्हाला डॉक्टरांसमोर नेमके प्रश्न विचारता येतील.

सिस्टरबाय म्हणाल्या ते शंभर टक्के खरं, फक्त त्याच्या एक पायरी आधी रक्तपुरवठा तपासायचा. डायबिटीसमध्ये पायाचं दोन प्रकारे नुकसान होतं. नसा बधिर होतात आणि गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. काहींना एकच त्रास असतो, बऱ्याच जणांना दोन्ही. रक्त पोचत नसेल तर जगातलं कुठलंही ड्रेसिंग ती जखम भरणार नाही. आधी रक्ताची वाट मोकळी करावी लागते, म्हणजे अँजिओप्लास्टी किंवा बायपास.

तपासणी सोपी आहे. पायाच्या नाड्या हाताने बघायच्या, मग घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ऐकू येणारं यंत्र) मोजून त्यांचं गुणोत्तर काढायचं. ते 0.9 च्या खाली आलं तर वाहिन्या अरुंद आहेत. पण डायबिटीसमध्ये वाहिन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, त्यामुळे आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. गुणोत्तर 1.3 च्या वर असेल तर "उत्तम" म्हणून घरी येऊ नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघायला सांगा. ते 30 च्या खाली असेल तर त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायला हवं.

दुसरा प्रश्न हाडाचा. चार महिने जुनी जखम असेल तर निर्जंतुक, बोथट सळईने तळ चाचपतात. हाडाचा कठीण स्पर्श लागला तर हाडात जंतू गेले असण्याची शक्यता मोठी. एक्स-रे तर काढायचाच. हाडाला सूज असेल तर अँटिबायोटिक सहा-सहा आठवडे चालतं. पण जखमेत जंतूंची लक्षणं नसतील, म्हणजे लाली, ऊब, सूज, पू काही नसेल, तर गोळ्यांची गरज नाही. न लागणाऱ्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले की तिसऱ्या वेळी, खरोखर गरज असताना, त्या चालेनाशा होऊ शकतात.

तिसरं, कडेची मेलेली जाड कातडी धारदार हत्याराने काढून टाकणं. हे काम ते जाणणाऱ्याचं, घरच्या ब्लेडचं नव्हे. ते झालं की जखम पहिल्यापेक्षा मोठी दिसते. घाबरू नका, तिचा खरा आकार आता दिसतोय.

मग दाब काढणं, आणि ड्रेसिंग सर्वांत शेवटी. ड्रेसिंगचं काम जखम ओलसर ठेवणं आणि पाणी शोषून घेणं. मधाबद्दल मांडवीपार यांना सांगतो, डायबिटीसच्या पायाच्या जखमांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मार्गदर्शक सूचनांत मध वापरू नये असंच म्हटलं आहे, कारण त्याने जखम लवकर भरते याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही.

मांडवीपार (10 जुलै, दुपारी 4:20)

डॉक्टर, शेजाऱ्यांची जखम बरी झाली ती मग कशाने?

जांभादगड (10 जुलै, संध्याकाळी 7:00)

त्या काळात ते काय करत होते ते विचारून बघा. जखम झाल्यावर कामावर जायचे की घरी बसले होते?

मांडवीपार (10 जुलै, रात्री 9:35)

विचारलं. कंबर धरली म्हणून सव्वा महिना खाटेवर होते. मधाचा विषय मी इथेच सोडतो.

पोरसातली (10 जुलै, रात्री 10:20)

सिस्टरबाय, तुमचं वाचून मी सुन्न झाले. चार महिन्यांत चार ठिकाणी दाखवलं. मलम बदललं, गोळी बदलली, पट्टी बदलली. पण ते किती चालतात, काय घालून चालतात, हे कोणीच विचारलं नाही. आणि मीही कधी विचार केला नाही.

बाबा अंगठ्याची रबरी चप्पल घालतात. घरात अनवाणी. कुळागरातही चप्पल पाटाकडेला काढून ठेवतात, चिखलात निसटते म्हणून. नाडी कोणी बघितली नाही. एक्स-रे मार्चमध्ये काढला होता, तेव्हा ठीक होता.

सिस्टरबाय (11 जुलै, सकाळी 8:15)

एक्स-रे पुन्हा काढून घे. हाडातला बदल फोटोत दिसायला दोन-तीन आठवडे तरी जातात. मार्चचा फोटो मार्चचं सांगतो.

आणि घरातल्या सगळ्यांसाठी एक सोपी परीक्षा सांगते, ती इंग्लंडमधल्या इप्सविचच्या इस्पितळात बसवलेली आहे. बाबांना डोळे मिटायला सांग. तुझ्या तर्जनीने त्यांच्या बोटांच्या टोकांना अगदी हलका स्पर्श कर, एक-दोन सेकंद. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श कळला की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समज. इस्पितळात हेच दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने बघतात.

पोरसातली (11 जुलै, रात्री 9:50)

केली. उजव्या पायाच्या तिन्ही जागा कळल्या नाहीत. डाव्याची फक्त करंगळी कळली. आई शेजारी बसली होती. बाबा डोळे मिटून म्हणाले, "आता सुरू कर." माझं तोवर पाच ठिकाणी हात लावून झालं होतं. आई उठून आत गेली.

वाळवंटीकाठ (12 जुलै, सकाळी 6:40)

हे वाचून लिहायला बसलो. माझे मामा श्रीलईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त. चाळीस वर्षं व्रत पाळलं. बेत (वेताची काठी) हातात घेऊन शिरगावला जत्रेला जायचं, तळीवर न्हायचं आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांतून चालायचं. पायाला कधी फोडसुद्धा आला नाही असं ते अभिमानाने सांगायचे, आणि ते खरं होतं.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना शुगर निघाली, ती त्यांनी घरात कोणाला सांगितली नाही. त्या वर्षी होमकुंडातून आले, घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी मामीने चादर बघितली तर पायाखाली रक्त आणि पाणी. दोन्ही तळवे भाजले होते. मामा म्हणत होते, "मला काही झालंच नाही." त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं.

लोकांनी काय काय बोलावं! व्रतात चूक झाली असणार, उपास मोडला असणार. त्या बोलण्याने मामा जखमेपेक्षा जास्त खचले. देवीने आपल्याला टाकलं, हे एकच डोक्यात. डॉक्टरांकडे न्यायला त्यामुळे आठ दिवस उशीर झाला. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

मी हे का सांगतो, तर श्रद्धेला बोल लावायला नव्हे. आमच्या घरात आजही धोंड आहेत. पण ज्याला शुगर आहे त्याचा पाय आधी बघावा, हे आता आम्ही व्रत धरायच्या आधीच बोलतो. पाच दिवसांच्या व्रतात जेवणाच्या वेळा बदलतात, इन्शुलिनचं काय करायचं तेही डॉक्टरांशी बोलून ठरतं. मामा पुढची सहा वर्षं जत्रेला गेले. तळीवर न्हाले, बेत घेतला, होमकुंडाशी हात जोडून उभे राहिले. पायात बूट होते. त्यांच्याच जुन्या साथीदारांनी त्यांना पुढे जागा करून दिली.

घाटावरची (12 जुलै, सकाळी 8:30)

वाळवंटीकाठ दादा, डोळ्यांत पाणी आलं.

देवळांतल्या फरशीचंही बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी देवळाच्या आवारात अनवाणी चाललं की आपण टुणटुण उड्या मारतो. ज्याला कळत नाही तो शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो. माझ्या सासऱ्यांचे तळवे असेच भाजले. आता आम्ही सकाळी सातच्या आत जातो आणि ते जाड मोजे घालतात. पुजारीबाबांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

मस्कतकर (12 जुलै, सकाळी 11:00)

गरम पाणी विसरू नका. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायची आपल्याकडे सवय. माझ्या वडिलांनी पाणी पायाने तपासलं, हाताने नाही. घोट्यापर्यंत फोड आले. आणि कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या मिळतात, त्यात कातडी जाळणारं आम्ल असतं. शुगरवाल्यांनी त्या अजिबात लावू नयेत.

कातरवेळ (12 जुलै, दुपारी 1:25)

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्यांचं काय? शेतात लावणी चालू आहे, दिवसभर पाय पाण्यात.

सिस्टरबाय (12 जुलै, दुपारी 3:10)

चिखल्या म्हणजे जंतूंना उघडं दार. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचकं मऊ कापडाने कोरडं करायचं, तिथे तेल-क्रीम लावायचं नाही. टाचेला आणि तळव्याला मात्र खोबरेल लावावं, कारण नसांच्या आजारात घाम येत नाही, कातडी सुकून भेगा पडतात. लावणीला घोट्याच्या वर येणारे रबरी बूट घालावेत, आणि घालण्याआधी ते उपडे करून झटकावेत. एका शेतकऱ्याच्या बुटात मुलाची गोटी होती. दिवसभर तो त्यावर चालला. संध्याकाळी गोटी तळव्यात रुतलेली.

डिचोलीचा_दाजी (13 जुलै, सकाळी 10:45)

मी जरा विरोधात लिहितो. दाब काढायला हल्ली प्लास्टर घालतात ना, त्यापासून सावध राहा. माझ्या काकांना एका ठिकाणी घातलं. पंधरा दिवस उघडलंच नाही. काढलं तेव्हा टाचेला काळी जखम. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. प्लास्टर म्हटलं की आजही अंगावर काटा येतो. चालणं कमी करा, तेवढं पुरे.

जांभादगड (13 जुलै, दुपारी 2:30)

दाजी, जे झालं ते फार वाईट झालं. तुमची भीती मी खोडून काढणार नाही, कारण ती खऱ्या गोष्टीवर उभी आहे. एकच विचारतो, प्लास्टर घालण्याआधी काकांचा रक्तपुरवठा तपासला होता का?

डिचोलीचा_दाजी (13 जुलै, दुपारी 3:40)

नाही. काका पन्नास वर्षं विडी ओढत होते. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की पायात रक्त येतच नव्हतं.

जांभादगड (13 जुलै, रात्री 8:15)

तीच तर गोष्ट आहे. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला किंवा जंतूंनी सुजलेल्या पायाला ते प्लास्टर घालायचं नसतं. आणि पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदलावंच लागतं, कारण सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि घासायला लागतं. पुढे दर आठवड्याला. पंधरा दिवस न उघडणं ही चूकच.

पण रक्तपुरवठा चांगला, जंतू नाहीत, जखम चवड्यावर, अशा पायाला गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतःला काढता न येणारं साधन हाच आज पहिला पर्याय मानतात. याची मुळं आपल्याच देशात आहेत. पॉल ब्रँड नावाचे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि पुढे कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. बोटं रोगाने झडतात असा तेव्हा समज होता. त्यांनी दाखवलं की रोग फक्त वेदना काढून घेतो, मग माणूस स्वतःच नकळत हात-पाय झिजवतो. तळव्याच्या जखमा प्लास्टरमध्ये ठेवल्या की भरतात हे त्यांनी कुष्ठरोग्यांत पाहिलं. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग इस्पितळात गेल्यावर तीच पद्धत डायबिटीसच्या पायाला लागू झाली. आज आपण ज्याला एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल म्हणतो, तीही कुष्ठरोग्यांच्या पायांसाठीच आपल्याकडे रुळली.

आता "चालणं कमी करा" याबद्दल. काढता येणारा बूट दिला की माणूस दवाखान्यात घालून येतो आणि घरात काढून ठेवतो. रात्री लघवीला उठताना तर हमखास अनवाणी. त्यात त्याचा दोष नाही, त्याला दुखत नाही. म्हणून न काढता येणारं साधन.

कातरवेळ (13 जुलै, रात्री 9:00)

ऑक्सिजनच्या बंद खोलीत बसवून जखम भरतात असं ऐकलंय?

जांभादगड (13 जुलै, रात्री 9:25)

रक्तपुरवठा कमी असलेल्या काही निवडक जखमांत, बाकी सगळं नीट करूनही भरत नसेल तर विचार करतात. सुरुवात तिथून करायची नाही. साधा हिशेब लक्षात ठेवा. उपचार नीट चालू असतील तर चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं. नाही आलं तर मलम बदलू नका, सगळं निदान पुन्हा पहिल्यापासून तपासा.

आबोली_गजरा (14 जुलै, सकाळी 7:50)

एक भर. माझ्या आईचा पाय जखम नसतानाच एकदम सुजला, लाल आणि गरम. दुखणं नावालाच. आम्ही मुरगळला समजून तेल चोळत बसलो. तो शार्को फूट निघाला, आतली हाडं मोडत होती. तळवा होडीसारखा फुगीर झाला. जखम नसली तरी एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर चालणं थांबवून त्याच दिवशी दाखवा.

मस्कतकर (14 जुलै, सकाळी 9:20)

2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीत डायबिटीसचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात होतं, 26.4 टक्के. देशाचं 11.4. म्हणजे दर चार मोठ्या माणसांत एक. तरी आमच्या वाड्यावर पाय तपासून घेतलेला माणूस मला सापडत नाही. डोळे तपासतात, किडनी तपासतात. पाय मोज्यात.

घाटावरची (14 जुलै, सकाळी 9:55)

कारण पाय दाखवायची लाज वाटते. भेगाळलेले, नखं वाढलेले. माझ्या सासऱ्यांनी डॉक्टरांकडे जायच्या आधी अर्धा तास पाय घासले आणि तेवढ्यात एक भेग उघडली.

पोरसातली (1 ऑगस्ट, रात्री 10:05)

उशिराबद्दल माफ करा. आधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) जाऊन आलो, तिथून पुढचं ठरलं. नाड्या लागल्या. गुणोत्तर 1.4 आलं तेव्हा मी डॉक्टर जांभादगड यांची आठवण ठेवून अंगठ्याचं प्रेशर विचारलं. ते 78 निघालं. हाड एक्स-रेत ठीक, सळईही हाडाला लागली नाही. कडेची कातडी काढल्यावर जखम 2.4 बाय 2 सेंटिमीटर झाली. सिस्टर मोजून लिहीत होत्या आणि माझ्या पोटात गोळा आला होता, पण तुमच्याकडून आधी कळलं होतं म्हणून धीर राहिला.

28 जुलैला प्लास्टर घातलं. परवा बदललं. दाजी, तुमच्या काकांची गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी रागावून न बघता नीट समजावलं आणि रात्री-अपरात्री फोन करायला नंबर दिला. ताप, वास, प्लास्टर ओलं किंवा सैल होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी उघडायचं.

घरात मात्र रणकंदन. बाबांना स्कूटर बंद. भारतीय पद्धतीचा संडास जमेना, खुर्ची आणली. न्हाताना पायाला पिशवी. कुळागराला पाणी मुलगा सोडतो, तर बाबा बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) बसून लांबून ओरडतात. सगळ्यांत त्रास त्यांच्या रिकाम्या हातांचा आहे. काल मला म्हणाले, "जखम भरता, पूण हांव सुकता." (जखम भरतेय, पण मी सुकतोय.) हे ऐकून काय करावं कळत नाही.

वाळवंटीकाठ (2 ऑगस्ट, सकाळी 6:30)

त्यांना बसून करायचं खरं काम द्या, मन रमवायचं खेळणं नको. मामांना आम्ही बेत घासून तयार करायचं काम दिलं होतं, पन्नास जणांचे. माटोळी बांधायची दोरी कोण वळतं तुमच्याकडे?

सिस्टरबाय (2 ऑगस्ट, सकाळी 8:00)

आणि दुसऱ्या पायाच्या चपलेला जाड तळ लावून घे. प्लास्टरचा पाय उंच होतो, माणूस तिरका चालतो, सगळा भार चांगल्या पायावर येतो. हे बऱ्याचदा राहून जातं.

पोरसातली (17 सप्टेंबर, दुपारी 4:30)

चवथ झाली. दीड दिवसाचा गणपती पोचवून आज लिहायला बसलेय.

जखम भरली नव्हती, शेंगदाण्याएवढी राहिली होती. चार आठवड्यांनी मोजली तेव्हा निम्म्याहून कमी झाली होती, तेव्हाच डॉक्टर म्हणाले योग्य चाललंय. बाबा रानात गेले नाहीत. दोरी त्यांनी वळली, सगळी. माझा मुलगा आणि पुतण्या रानात गेले, तीनदा चुकीचं आणलं. कवंडळ म्हणून काहीतरी भलतंच. बाबांनी खुर्चीत बसून एकेक फळ हातात घेऊन ओळख करून दिली. कांगलां कुठल्या उताराला मिळतात, घागऱ्यो कुठल्या पाणथळीत. पोरगा वहीत लिहून घेत होता. सुपारीचं शिपटं आणि नारळाची पेंड (घड) कुठे बांधायची यावर दोघांचं भांडण झालं. माटोळी थोडी वाकडी लागली. बाबांनी ती तशीच ठेवली.

डिचोलीचा_दाजी (17 सप्टेंबर, संध्याकाळी 6:10)

फार बरं वाटलं, बाय. माझ्या बहिणीला शुगर आहे, तिचा पाय मी काल बोटाने तपासला. सहाही जागा कळल्या.

पोरसातली (11 ऑक्टोबर, रात्री 9:15)

जखम पूर्ण बंद झाली. प्लास्टर निघालं, एमसीआरचे बूट मापाने करून घेतले, पुढून बंद. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की भरलेल्या जखमांपैकी साधारण चाळीस टक्के वर्षभरात परत येतात, पाच वर्षांत पासष्ट टक्के. त्यामुळे घरातही बूट, रोज रात्री तळवा आरशात बघणं आणि दर महिन्याला दाखवणं. आरसा बाबांनी स्वतः काठीला बांधलाय.

आज त्याच आरशात डाव्या पायाच्या चवड्यावर पिवळट घट्टा दिसला, मधे बारीक तांबडा ठिपका. सिस्टरबाय, जाड तळ लावायला मी दहा-बारा दिवस उशीर केला होता. त्याचंच असेल का?

सिस्टरबाय (11 ऑक्टोबर, रात्री 9:30)

असेल किंवा नसेल, ते नंतर बघू. घट्ट्याखाली तांबडा ठिपका म्हणजे आत रक्त साकळलंय, कातडी अजून फुटलेली नाही. हात लावू नकोस, ब्लेड तर नाहीच. आज रात्रीपासून त्या पायावरचं चालणं बंद आणि सोमवारची वाट बघत बसू नकोस.

पोरसातली (11 ऑक्टोबर, रात्री 9:40)

डॉक्टरांना फोन केला. सकाळी नऊला बोलावलंय. ब्लेडचा डबा आईने मगाशीच कपाटात कुलूप लावून ठेवला. बाबा विचारत होते, दाढी कशाने करू?